साठा उत्तरांचे उद्यापन

नायगाव पूर्वेहून महामार्गाकडे जाताना पत्र्याच्या उंच कुंपणांआड दूरचित्रवाणी मालिकांचे सेट उभे असतात. रस्त्यावरून दिसतो तो वाड्याचा मागचा भाग, म्हणजे बांबू, प्लायवूड आणि त्यावर खडूने घातलेले आकडे. दोन वर्षांपूर्वी तिथे राजवाड्याचे खांब आडवे टाकून निघालेला एक टेम्पो पाहिला. चहाच्या टपरीवर विचारले तर टपरीवाला म्हणाला, "मालिका बंद झाली. राजा आपल्याकडेच चहा प्यायचा." शेवटी राज्य कोणाला मिळाले, असे विचारल्यावर तो नुसता हसला.

मालिका बंद होते आणि गोष्ट संपते. मराठीत ही दोन क्रियापदे वेगळी आहेत आणि त्यांच्यामधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे. पडद्यावरच्या विज्ञानकथेत हे अंतर भरून काढायची एक रीत गेल्या काही दशकांत रुळली. मालिका, किंवा एकमेकींत गुंतलेल्या अनेक मालिका, लोंबकळत राहिल्या की त्यांची सांगता करणारा एक चित्रपट काढायचा. ताजे उदाहरण ७ एप्रिल २०२३ चे आहे. लंडनमध्ये भरलेल्या 'स्टार वॉर्स सेलिब्रेशन' या मेळाव्यात लुकासफिल्मने जाहीर केले, की डेव्ह फिलोनी एक चित्रपट दिग्दर्शित करणार असून 'द मँडलोरियन', 'द बुक ऑफ बोबा फेट', 'अहसोका' या मालिकांतून चाललेल्या कथेचा शेवट त्यात होईल. हा लेख लिहीपर्यंत तो चित्रपट आलेला नाही. न आलेल्या चित्रपटावर टीका कशी लिहायची, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण असा चित्रपट रचताना कोणती गाठ सोडवावी लागते, हे आधीच्या उदाहरणांवरून बऱ्यापैकी कळते. शिवाय तसाच एक न आलेला चित्रपट आपल्या मुंबईतही अडकून पडला आहे. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण माझे खरे देणे तिथे आहे.

आधी माझ्याविषयी दोन वाक्ये. मी चित्रपटशास्त्र शिकलेलो नाही. विरारहून चर्चगेटला पंचवीस वर्षे नोकरीसाठी ये-जा केली, त्या गाडीत उभ्याने जे वाचले ते माझे शिक्षण, आणि घरी येऊन पाहिलेल्या मालिकांच्या नोंदींच्या अकरा वह्या ही माझी साधनसामग्री. शब्द कमी पडतात तेव्हा मी घरातले शब्द घेतो. इथेही तसेच केले आहे.

श्रावणात आमच्या आगाशीच्या घरी आई कहाण्या वाचायची. कहाणी साठा उत्तरांची असते आणि पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते, हे आपण सगळेच ऐकत आलो. या आकड्यांचे पंडित लोक वेगवेगळे अर्थ लावतात. लहानपणी मी सरळ अर्थ घेतला होता, की गोष्ट खूप मोठी आहे, पण आईला स्वयंपाक करायचा आहे, म्हणून ती थोडक्यात आटपते. आज मला तोच अर्थ या विषयाला चपखल वाटतो. चाळीस-पन्नास तासांची गोष्ट दोन तासांत आटपणे हे साठाचे पाच करणेच आहे. मात्र आईला ते जमायचे, कारण ऐकणाऱ्या बायकांना उरलेली पंचावन्न उत्तरे आधीच ठाऊक होती.

दुसरा शब्द उद्यापन. सोळा सोमवार करणारी बाई सतराव्या सोमवारी उद्यापन करते. हा सतरावा सोमवार सोळांपैकी नाही आणि तो सोळांपासून वेगळाही काढता येत नाही. ज्याने सोळा उपास केले त्यालाच त्या दिवसाचा अर्थ कळतो. पण जेवायला मात्र उपास न केलेली माणसेही येतात, त्यांना बोलवावेच लागते आणि त्यांचेही पान नीट वाढावे लागते. समारोपाच्या चित्रपटाची सगळी अडचण या पंगतीत आहे. एका रांगेत व्रत केलेले बसले आहेत, दुसऱ्या रांगेत तिकीट काढून सहज आलेले. एकाच स्वयंपाकात दोघांचे पोट भरायचे आहे.

हे ज्याला सर्वांत चांगले साधले तो चित्रपट म्हणजे जॉस व्हेडनचा 'सेरेनिटी'. त्याच्या मागची 'फायरफ्लाय' ही मालिका फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये दाखवायला घेतली. चौदा भाग तयार झाले, त्यांतले अकराच प्रक्षेपित झाले, तेही उलटसुलट क्रमाने. पात्रांची ओळख करून देणारा पहिला भाग वाहिनीने चक्क सर्वांत शेवटी दाखवला. मालिका बंद पडली. पुढे डीव्हीडी निघाली, ती खपली, चाहत्यांनी पिच्छा सोडला नाही, आणि युनिव्हर्सलने चित्रपटाला पैसे दिले. ३० सप्टेंबर २००५ ला तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. तोवर मालिकेचा सेट मोडून गेलेला होता. अंतराळयानाचे आतले दालन पुन्हा बांधताना कारागिरांना डीव्हीडीवरच्या चित्रांचा आधार घ्यावा लागला. नायगावचा तो टेम्पो पाहिला तेव्हा मला हेच आठवले. व्हेडनला आधी यान उभे करावे लागले, मग गोष्ट.

चित्रपटाची सुरुवात पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. प्रथम मानवजात पृथ्वी सोडून दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहांवर कशी गेली याचे निवेदन येते. मग कळते, की हा शाळेतला धडा आहे. मग कळते, की शाळा रिव्हर नावाच्या मुलीच्या डोक्यात आहे आणि ती प्रयोगशाळेत जखडलेली आहे. तिचा भाऊ सायमन तिला सोडवतो. तेवढ्यात चित्र गोठते, कारण हे सारे एक जुने मुद्रण असून सरकारचा मारेकरी ते तपासतो आहे. पाचेक मिनिटांत चार डब्यांतून एक-एक डबी निघावी तशी ही रचना आहे. नवख्या प्रेक्षकाला जगाची ओळख होते आणि जुन्याला आधी न पाहिलेले काहीतरी मिळते. त्यानंतर कॅमेरा यानातून फिरत एकेका पात्राशी थांबतो. नवख्यासाठी ती ओळख आहे. जुन्यासाठी ते मोडलेल्या घरात परत पाऊल टाकणे आहे. एकच पदार्थ, दोन रांगा.

याची किंमतही व्हेडनने मोजली. मालिकेत सायमन सांगतो, की बहिणीला बाहेर काढायला त्याने माणसांना पैसे चारले. चित्रपटात तो स्वतः आत घुसतो. विसंगती उघड आहे आणि चाहत्यांनी ती लगेच पकडली. मला ती चूक वाटत नाही. पाचा उत्तरी सांगताना आईसुद्धा दोन नणंदांची एक नणंद करायची. त्याहून मोठा निर्णय म्हणजे व्हेडनने एकच धागा निवडला. रिव्हरच्या डोक्यात कोणते गुपित आहे, एवढाच प्रश्न. त्याच्या उत्तरात मिरांडा ग्रहाचे रहस्य आणि नरभक्षक रीव्हरांचा उगम दोन्ही येऊन जातात. बुक नावाच्या धर्मोपदेशकाचा भूतकाळ काय, इनारा काय लपवते, हे त्याने तसेच सोडले. बुक मरतो तो आपले गुपित घेऊनच. आणि वॉश, यान चालवणारा, सगळ्यांना हसवणारा, संकट टळले असे वाटत असतानाच एका क्षणात मरतो. मी हा चित्रपट एका मित्राकडे डीव्हीडीवर पाहिला. त्याने मालिका पाहिली नव्हती. वॉश मेला तेव्हा तो "अरेरे" म्हणाला आणि मी उठून गॅलरीत गेलो. उद्यापनाचा अर्थ व्रत करणाऱ्यालाच कळतो, असे वर म्हटले ते यामुळे.

याच्या उलट टोकाला 'स्टारगेट' आहे. हे प्रकरण गमतीचे आहे, कारण त्याची सुरुवातच १९९४ च्या एका चित्रपटातून झाली. मग १९९७ पासून 'एसजी-१' ही मालिका दहा पर्वे आणि २१४ भाग चालली. तिच्यातून 'अटलांटिस' निघाली, पुढे 'युनिव्हर्स'. चित्रपटातून निघालेला प्रवाह पुन्हा चित्रपटात नेऊन सोडायचा, असा बेत होता. 'एसजी-१' च्या शेवटच्या दोन पर्वांत ओराई नावाच्या शक्तींचे धर्मयुद्ध चालू होते. आपल्या ग्रंथावर विश्वास ठेवा, नाहीतर मरा, असे म्हणणारी सेना. हे कथानक अपुरे राहिले आणि २००८ मध्ये 'द आर्क ऑफ ट्रुथ' हा थेट डीव्हीडीवर आलेला चित्रपट त्याची सांगता करतो. कशी? एक प्राचीन पेटी सापडते. ती उघडली की समोरच्याच्या मनात सत्यावर विश्वास बसतो. पेटी उघडतात, भक्तांचे डोळे उघडतात, युद्ध संपते.

मला हा शेवट कायम खटकत आला आहे, आणि तो केवळ घाईचा आहे म्हणून नव्हे. दोन पर्वे मालिका आपल्याला सांगत होती, की माणसाच्या मनात विश्वास जबरदस्तीने भरणे हेच मोठे पाप. मग नायकांची पेटी दुसरे काय करते? एखाद्या पात्राने चित्रपटात याबद्दल कुरकुर केली असती तरी चालले असते, पण खरी कुरकुर करायची तर आणखी दहा भाग लागले असते. साठाचे पाच करताना वाद वगळला गेला आणि निकाल तेवढा उरला. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांत शेवटी देव प्रकट होऊन सगळे निस्तरतो तसे हे झाले, फक्त देवाच्या जागी यंत्र.

उरलेल्या दोन मालिकांचे नशीब निराळे. 'अटलांटिस' २००९ च्या जानेवारीत थांबली. तिच्या चित्रपटाची तयारी झाली होती, पण निर्मितीसंस्था एमजीएम आर्थिक गर्तेत गेली आणि चित्रपट कधीच झाला नाही. 'युनिव्हर्स' मे २०११ मध्ये संपली, म्हणजे बंद झाली. तिच्या शेवटच्या भागात यानातले सगळे दीर्घ निद्रेत जातात. एक निद्राकक्ष बिघडलेला असतो. तो दुरुस्त करायला एलाय हा तरुण एकटा जागा राहतो, हाताशी जेमतेम दोन आठवडे. शेवटच्या चौकटीत तो खिडकीशी उभा राहून तारे पाहतो आणि किंचित हसतो. पुढे चित्रपट येणार नाही हे तेव्हा लेखकांना पक्के ठाऊक नव्हते. तरी 'स्टारगेट' च्या सर्व समारोपांत मला हा, समारोप नसलेला शेवट श्रेष्ठ वाटतो. पेटीने दिलेल्या उत्तरापेक्षा त्या पोराचा प्रश्न जास्त टिकला. हे मी दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हाही बदलले नाही.

आता फिलोनीकडे येऊ. त्याच्यापुढची अडचण व्हेडनच्या तिप्पट आहे, कारण तिथे एक मालिका नाही, जाळे आहे. 'मँडलोरियन' चे तीन पर्वांत मिळून चोवीस भाग, 'बोबा फेट' चे सात, 'अहसोका' चे आठ आणि त्याच काळात घडणाऱ्या 'स्केलेटन क्रू' चे आठ. बेरीज सत्तेचाळीस. साठा उत्तरांच्या जवळ आलोच. पण या भागांची वीण सरळ नाही. 'बोबा फेट' चा पाचवा भाग असा आहे, की त्यात बोबा फेट अजिबात नाही. तो भाग मँडलोरियनचा आहे. आणि 'मँडलोरियन' च्या दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस ताटातूट झालेला छोटा ग्रोगू त्याला परत मिळतो तो 'बोबा फेट' मध्ये. ज्याने मधली मालिका पाहिली नाही त्याला तिसऱ्या पर्वात ग्रोगू आयताच मांडीवर बसलेला दिसतो. माझ्या भाच्याने मला हे जग दाखवले. तिसरे पर्व लावल्यावर मी त्याला फोन केला, "अरे, हे पोर परत कधी आलं?" तो म्हणाला, "मामा, मधला हप्ता चुकवलात तुम्ही." हप्ता हा शब्द त्याने योग्य वापरला. या मालिका व्रतासारख्या कमी आणि कर्जासारख्या जास्त झाल्या आहेत.

'अहसोका' तर आणखी मागे जाते. ती 'रेबेल्स' या २०१४ ते २०१८ च्या पंचाहत्तर भागांच्या ऍनिमेशन मालिकेचा पुढचा अध्यायच आहे. तिथे शेवटी एझ्रा हा नायक आणि थ्रॉन हा निळ्या कातडीचा सेनापती अवकाशातल्या देवमाशांबरोबर अज्ञातात फेकले जातात. 'अहसोका' मध्ये एझ्रा परत येतो, थ्रॉनही परत येतो आणि त्यांना शोधायला गेलेल्या अहसोका व सबीन त्या परक्या आकाशगंगेत अडकतात. म्हणजे सोंगट्यांनी फक्त घरे बदलली. हे रचनेतले चातुर्य आहे, पण पुढे सरकणे नाही. समारोपाच्या चित्रपटाला आधी ही अदलाबदल निस्तरावी लागेल आणि मग युद्ध. त्यात बेलन स्कोल ही मालिकेतली सर्वांत भारदस्त भूमिका करणारा रे स्टीव्हन्सन हा नट मे २०२३ मध्ये, मालिका येण्याआधीच वारला. त्या भूमिकेत आता रॉरी मॅकन आहे.

थ्रॉन हे पात्र मूळचे टिमोथी झान यांच्या १९९१ च्या 'एअर टु द एम्पायर' या कादंबरीतले. त्या त्रयीच्या अखेरीस त्याचाच अंगरक्षक रुख त्याला भोसकतो. बुद्धीने कोणालाही न हरणारा सेनापती आपल्याच अन्यायाने दुखावलेल्या सेवकाकडून मरतो, हा फार चांगला शेवट होता. फिलोनीला तो आता वापरता येणार नाही, कारण रुखला त्याने 'रेबेल्स' च्या शेवटच्या भागातच मारून टाकले आहे. मला यात त्याची हिंमत दिसते. तयार शेवट हाताशी असताना त्याने ती वाट स्वतः बुजवली. आता नवी काढावी लागेल.

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि ती वसईकराला चटकन कळावी. 'मँडलोरियन' चा काळ १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' नंतरचा, सुमारे पाच वर्षांनंतरचा. आणि २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स' घडतो तो तीसेक वर्षांनंतर, ज्यात हे नवे प्रजासत्ताक एका फटक्यात जळून जाते. म्हणजे फिलोनीच्या चित्रपटात जो काही विजय होईल तो पंचवीस वर्षांत मातीमोल होणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. आमच्या किल्ल्यावर मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांचा जरीपटका लागला. त्या क्षणावर कादंबरी संपवायला कोणाची हरकत असणार? पण वाचकाला माहीत असते, की बावीस वर्षांवर पानिपत आहे, आणि याच वसईच्या नावाचा तह ३१ डिसेंबर १८०२ ला व्हायचा आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीला या अडचणीची सवय आहे. आपले चांगले कादंबरीकार विजयाच्या प्रसंगातच एखादी चिरफळी दाखवून ठेवतात, एखादा रुसलेला सरदार, एखादे न फिटलेले कर्ज. वाचकाचे ज्ञान ते लपवत नाहीत, कामाला लावतात. फिलोनीचा चित्रपट उभा राहायचा तर त्याने जिंकण्याच्या क्षणी हरण्याचे बी दाखवले पाहिजे. नुसते ढोल वाजवले तर खालच्या रांगेतली मुले नाचतील आणि वरच्या रांगेतले जुने लोक घड्याळ पाहतील.

आणि दुसऱ्या रांगेचा दबाव मोठा आहे. डिसेंबर २०१९ नंतर अनेक वर्षे 'स्टार वॉर्स' चा नवा चित्रपट चित्रगृहात आला नाही. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने 'द मँडलोरियन अँड ग्रोगू' हा जॉन फॅव्हरोचा चित्रपट जाहीर केला, त्याच्या प्रदर्शनाची तारीख २२ मे २०२६ ठरली. म्हणजे उद्यापनाच्या आधीच एक मोठे केळवण ठरले. प्रेक्षकांना चित्रगृहात परत आणणे हे त्याचे काम. व्यवहार म्हणून मी समजू शकतो. पण शेवट जाहीर करून त्याच्या आधी नवी पाने वाढत राहिली की शेवटाची ओढ पातळ होते.

हे सगळे वाचून काही वाचक म्हणतील, की मराठी माणसाला या परक्या भानगडीशी काय? तर आपली विज्ञानकथा या अडचणीत पडलीच नाही, कारण ती लघुकथेच्या अंगणात वाढली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली. ते नाव म्हणजे जयंत विष्णु नारळीकरांची आद्याक्षरे उलटी फिरवलेली. स्पर्धा आणि दिवाळी अंक, ही आपल्या विज्ञानकथेची दोन मुख्य घरे. दहा-पंधरा पानांत एक कल्पना, एक कलाटणी, आणि पूर्णविराम. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांना शेवट करता येत होता, कारण त्यांना सुरुवातीलाच शेवट ठाऊक असे. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या कथा पुन्हा वाचताना जाणवले, की एकही कथा 'पुढे काय' म्हणून लोंबकळत नाही. हे बळ आहे, आणि मर्यादाही, कारण अनेक कथांतून एकच जग उभे करायचे धाडस त्यामुळे राहून गेले. जाळे विणणारा मराठी लेखक शोधायचा तर मागे हरिभाऊ आपट्यांपर्यंत जावे लागते. १८९० पासूनच्या 'करमणूक' मधून त्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्या 'आजकालच्या गोष्टी' या एकाच छत्राखाली आठवड्या-आठवड्याने दिल्या, आणि त्यांतल्या काही अपुऱ्याच राहिल्या. हप्त्याने लिहिणाऱ्याला शेवट चुकतो, हा रोग दूरचित्रवाणीपेक्षा जुना आहे.

दूरदर्शनवर मात्र आपण हिंदीतून हप्त्यांची विज्ञानकथा पाहिली. ऐंशीच्या दशकाअखेरची 'स्पेस सिटी सिग्मा', तिच्यातला झखाकू आणि पुठ्ठ्याचे यंत्रमानव. मग केतन मेहता यांची, मिलिंद सोमण असलेली 'कॅप्टन व्योम'. या मालिका आल्या, गेल्या, त्यांचा शेवट कोणी मागितला नाही. शेवट मागितला गेला तो एकाच मालिकेचा. १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झालेल्या 'शक्तिमान' चा.

'शक्तिमान' ही विज्ञानकथा आहे का, यावर माझा भाचा आणि मी अनेकदा भांडलो आहोत. नायकाला शक्ती मिळते ती सूर्यांशींकडून, कुंडलिनी जागृत करून. प्रयोगशाळा, परीक्षानळ्या आणि यंत्रे आहेत ती खलनायकाच्या गोटात, डॉक्टर जॅकालकडे. आपल्या देशातल्या सर्वांत लाडक्या मालिकेत विज्ञान हे अंधाराच्या बाजूला बसवले गेले, ही गोष्ट मला आजही खुपते. नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेल्या मला ती तेव्हाही खुपली होती. पण रविवारी दुपारी बारा वाजता आमच्या घरात आई, मी आणि सुट्टीला आलेला भाचा एका रांगेत बसायचो, आणि त्या तासाला मी तक्रार करत नसे. आई किल्विष दिसला की हातातले निवडणे थांबवायची. श्रावणातल्या कहाण्यांचा नियम तिने इथेही लावला होता. दुष्टाचे काय झाले हे ऐकल्याशिवाय उठायचे नाही.

मार्च २००५ मध्ये मालिका थांबली. दूरदर्शनला द्यायचे शुल्क वाढत गेले आणि गणित बसेना, असे मुकेश खन्ना यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. म्हणजे ही गोष्टसुद्धा संपली नाही, बंद झाली. त्या दिवसांत आमच्याकडे विजेचा लपंडाव होता आणि शेवटचे काही भाग आमचे हुकले. आईने विचारले, "त्या काळ्याचं शेवटी काय झालं रे?" मला सांगता आले नाही. पुढची चार वर्षे ती अधूनमधून विचारायची, कधी थट्टेत, आजारपणात मात्र थट्टेत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. मी पहिले काही भाग पाहिले आणि सोडून दिले. विचारणारी घरात नव्हती.

१० फेब्रुवारी २०२२ ला सोनी पिक्चर्सने 'शक्तिमान' वर चित्रपट काढणार असल्याची झलक प्रसिद्ध केली. एक नव्हे, तीन चित्रपट. तेव्हापासून साडेतीन वर्षे जी चर्चा झाली ती वाचून काढली तर एक गोष्ट नजरेत भरते. पोशाख कोण घालणार, याबद्दल सगळे बोलले. रणवीर सिंग यांचे नाव आले, मुकेश खन्ना यांनी त्याला जाहीर विरोध केला, बाजू पडल्या. गोष्ट काय असेल, जुन्या गोष्टीचे देणे फेडणार की नवा डाव मांडणार, यावर मला कुठे चार ओळी सापडल्या नाहीत. 'त्रयी' या शब्दातच खरे तर उत्तर आहे. त्रयी म्हणजे सुरुवात. ज्यांनी आठ वर्षे रविवार सांभाळले ती पोरे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, आणि त्यांना कोणी उद्यापनाचे बोलावणे धाडलेले नाही. त्यांच्या आठवणीचा उपयोग फक्त आमंत्रणपत्रिकेवर छापायला होतो आहे.

माझ्या हातात असते तर मी पोशाखापासून सुरुवात केली नसती. गंगाधर शास्त्री 'आज की आवाज' या वर्तमानपत्रात छायाचित्रकार होता. आज तो साठीचा असेल. वर्तमानपत्रे आक्रसली आहेत, छायाचित्र खोटे बनवणे पोराटोरांना जमते. अंधार म्हणजे काय, हे किल्विषाला आता प्रयोगशाळेत शोधायला नको. त्या म्हाताऱ्या छायाचित्रकाराला एकच प्रश्न पुरे, की दिसते ते खरे का? व्हेडनने केले तसे एक धागा घ्यावा, बाकीचे सोडून द्यावेत. आणि जॅकालच्या प्रयोगशाळेतला एखादा माणूस या बाजूला आणून बसवावा, म्हणजे माझे नारळीकरांकडचे देणेही थोडे फिटेल. भाचा म्हणाला, "मामा, यात मारामारी कुठे आहे?" मी म्हटले, ती पहिल्या रांगेसाठी ठेव, पाहिजे तेवढी ठेव. तो म्हणाला, "मग किल्विषाचं शेवटी काय होतं ते तरी सांगा." मी विचार करत बसलो आणि त्याची विरारची गाडी चुकली.